चौदा वळणांचा उंदीर

साताऱ्याच्या स्टँडवर इस्लामपूर गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक ग्रामसेवक उभे होते. लेक पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सुट्टीभर मेंदूचं काम शिकून आली होती, तिला न्यायला ते आले होते.

"शालन, डब्यात काय हलतंय?"

"उंदीर हाय, आबा. पांढरा. लाकडी खोक्यातली चौदा वळणांची वाट मीच शिकवली त्याला. शेवटाला शेंगदाणा ठेवायचा."

"शिकला?"

"एकदाबी चुकत न्हाई."

"तालुक्याच्या कचेरीत माझा कागद तिसऱ्या टेबलापुढं जात न्हाई. पर ह्यो हितं कशापायी?"

"शिकला म्हणूनच उद्या त्याचं डोकं कापणार हुते. शिकल्यावर मेंदूत काय बदलतं, ते बघायला."

"मग तू चोरलास."

"न्हाई. सरांना विचारलं. ते म्हणाले, न्यायचा तर ने, पण पुढच्या सुट्टीत येऊ नकोस."

"आन् तू आणलास."

"आणला."

"सोमवारपास्नं गावात कसला सप्ताह हाय, ठावं हाय न्हवं?"

"उंदीर मारा सप्ताह. आईनं पत्रात लिवलं हुतं."

"प्रमुख कोण हाय?"

"तुमी."

"शेपट्या कुठं मोजायच्या हायत?"

"आपल्या ओट्यावर."

"मग?"

"आबा, मी त्याला परत सोडून येऊ का?"

"गाडी लागली. डबा मांडीवर घेऊन बस."

"म्हंजे घरी न्यायचा?"

"शेपूट बाहेर लोंबतंय, ते आधी आत घे. गाडीत आमच्या कचेरीतली माणसं हायत."