सातवी जागा

(सांगली, १९९९. एका दुकानाच्या माडीवर चालणारा कॉम्प्युटरचा क्लास. भर दुपार.)

भार्गवी : घाबरू नका मावशी, तो फोनच ओरडतोय. पुण्याला लागला की गप्प होईल.

बनुबाई : फोन असा रडतोय व्हय? मला वाटलं खाली गाडीखाली कुणाचं कोकरू आलं.

आकाराम : तू गप बस गं जरा. ताई, पुण्याला कोण उचलणार म्हणायचं?

भार्गवी : माणूस नाही मामा. तिथंही एक मशीनच आहे, याच्यापेक्षा मोठं. तुमच्या वडूजकडच्या वीस गावांचा खर्च मी त्यात भरून ठेवलाय. आता हे मशीन तिथून मागून घेतंय.

आकाराम : म्हंजे कागद सातारला झेडपीच्या कपाटात, मजकूर पुण्याला, आणि बघणार आपण सांगलीत.

भार्गवी : बरोबर.

बनुबाई : आणि आपण यष्टीत तीन तास हिसके खात आलो.

आकाराम : विष्णुपंतांनी चिठ्ठी धाडली म्हणून आलो, ताई. तुमचे वडील झेडपीत हिशेब तपासनीस होते तवा आमच्या गेरूमाळला यायचे. गावातला पहिला च्या माझ्या घरचा. पण आमी हितं करायचं काय, ते काय चिठ्ठीत न्हवतं.

भार्गवी : बाबांनी एका आमदारांसाठी कायद्याचा मसुदा लिहिलाय. सोमवारी ते आमदार हे बघायला इथं येणार. त्यांना पटलं तर मुंबईला विधानसभेत मांडतील. पण बाबांची एक अट आहे. आमदारांच्या आधी हे अशा माणसाला दाखवायचं, ज्याला वाचता येत नाही. त्याला कळलं नाही तर कायदाच चुकीचा लिहिलाय, असं समजायचं.

बनुबाई : मग बरोबर माणसं गाठलीत. आमच्या दोघांत मिळून एक अक्षर न्हाई.

आकाराम : कायदा हाय कशाचा पण?

भार्गवी : सोपा आहे. सरकारनं कुठंही पैसा खर्च केला, मग ती ग्रामपंचायत का असेना, तर एका महिन्यात तो अशा मशीनवर सगळ्यांना दिसेल असा मांडायचा. किती, कशावर, कुणाला दिला, काम कुठं झालं. ज्याला बघायचंय त्यानं बघावं. अर्ज नाही, फी नाही.

आकाराम : आणि परवानगी?

भार्गवी : कुणाचीच नाही.

आकाराम : मामलेदाराला बी न इचारता?

भार्गवी : मामलेदार काय, मंत्र्यालाही विचारायचं नाही.

आकाराम : ताई, पुन्हा एकदा सांगा. सावकाश सांगा.

बनुबाई : कान गेलं का काय तुमचं?

आकाराम : कान न्हाई गं. तीस वर्सं पंचायतीची दवंडी देतोय मी. ताई, आजपतोर गावाला काय सांगायचं ते वरनं ठरायचं. घरपट्टी भरा, न्हाईतर जप्ती. डुकरं कोंडा. कुणाची किती पट्टी थकली ते नावानिशी वरडलोय मी चावडीपुढं. पण सरकारनं किती खर्चलं, हे सांग म्हणून एकानं मला कवा सांगितलं न्हाई. आणि आता ही म्हणतीया, कुणीबी बघा.

बनुबाई : ही न्हाई, ताई म्हणा.

आकाराम : चुकलं. ताई, मला सांगा, हे किती लांब ऐकू जातं? न्हाई म्हंजे, दिसतं?

भार्गवी : फोन आणि असं मशीन असलं की कुठंही. दिल्लीत, अमेरिकेतसुद्धा.

आकाराम : माझा आवाज मारुतीच्या देवळापासनं ओढ्यापतोर जातो. वारं सोबत असलं तर ओढ्याच्या पल्याड. तेवढ्यावर मी मिशीला पीळ देत होतो.

बनुबाई : आणि घरात आलं की तोंडातनं शबुद न्हाई. ताई, हे गावात सहा जागी दवंडी देणार. चावडी, मारुती, पाटलाची आळी, कुंभारवाडा, शाळा, वरची वस्ती. सातवी आमची खालची वस्ती. तिथं न्हाई.

भार्गवी : का बरं?

आकाराम : आमच्यात रीतच हाय तशी. माझा बाप बी देत न्हवता. दवंडीवाला जिथं राहतो तिथं दवंडी द्यायची न्हाई. घरच्या माणसांपुढं कसली हलगी बडवायची? सांजच्याला घरात सांगायचं, बायका पाण्याला जाताना चार घरी सांगतात, झालं.

भार्गवी : हे बघा, आलं. हळूहळू उतरतं, वरून खाली. हे जिल्ह्याचं नाव, हा खटाव तालुका, आणि ही गावं. हे तुमचं गेरूमाळ.

बनुबाई : हे? एवढंसं?

भार्गवी : आता त्याच्यावर दाबते.

आकाराम : थांबा. हात जोडू दे. हसू नगं बनू. आमच्या गावाचं नाव पुण्याला जाऊन बसलंय, आन् कुठल्या साहेबानं नेलं न्हाई त्याला.

भार्गवी : बघा, एकेक ओळ येतेय. शाळेची कौलं बदलली. दिवाबत्ती. चावडीपुढं मुरूम टाकला.

आकाराम : टाकला, टाकला. मी बघितलाय. खरं हाय ते. बनू, त्या मुरमावर तू पाय घसरून पडली न्हाईस का?

बनुबाई : मी पडल्यालं पण लिवलंय का?

भार्गवी : नाही मावशी. हे पंच्याण्णव झालं. आता शहाण्णव, मार्च महिना.

आकाराम : मार्च नगं. पुढचं बघू.

भार्गवी : ते आपोआप उतरतंय मामा, मला थांबवता येत नाही. गुरांसाठी आणि माणसांसाठी पाण्याचा हौद, नळासह. काम पूर्ण. बासष्ट हजार. जागा... खालची वस्ती.

बनुबाई : कुठल्या गावचं हे?

भार्गवी : गेरूमाळ.

बनुबाई : दुसरं गेरूमाळ असंल. आमच्या वस्तीत हौद कुठाय? आवं, सांगा की ताईंस्नी. मी पहाटं उठून माळावरच्या हिरीवर जाते. दोन घागरी डोक्यावर, एक काखंत, असं तीन येळा. पाऊण कोस हाय ती हीर. मग हौद कुणाच्या दारात बांधला?

भार्गवी : मामा, तुमचं पूर्ण नाव काय?

आकाराम : खालच्या वळीत तेच आलं असंल.

भार्गवी : मी हे नुसतं टाइप करत गेले हो. शेकडो पावत्या होत्या, लक्षात नाही राहिलं. मावशी, मी पाणी आणू का प्यायला?

बनुबाई : पाणी नगं. काय लिवलंय ते वाचा.

आकाराम : तुमी नगा वाचू ताई. ती माझी दवंडी हाय. मीच देतो. (टेबलावर दोन बोटांनी हलकेच ताल धरतो.) ऐका हो ऐका. गेरूमाळच्या समद्या लोकांस्नी कळवण्यात येतं की, खालच्या वस्तीत पाण्याचा हौद बांधून पुरा झालेला हाय. कुणाची हरकत असंल तर आठ दिवसांत पंचायतीत येऊन सांगावी हो.

बनुबाई : ही दवंडी तुमी दिली?

आकाराम : सहा जागी. पंचवीस रुपये घेतलं, पावतीवर आंगठा दिला.

बनुबाई : हौद नसताना?

आकाराम : मार्च अखेर होती. ग्रामसेवक म्हणाला, पैसा परत जाईल, आधी दवंडी देऊन ठेव, पुढच्या महिन्यात बांधतोच हौद. मला वाटलं, आपल्याच वस्तीचा हौद हाय, पैसा परत गेला तर आपलंच नुकसान. म्हणून दिली. समद्या गावाला वाटलं, झाला असंल खाली. खाली येऊन बघतंय कोण?

बनुबाई : आणि खाली तुमी दवंडी दिली न्हाई. रीत.

आकाराम : रीत. आणि त्या सांजच्याला घरात बी सांगितलं न्हाई.

बनुबाई : तीन वर्सं मी इचारतीया, हौद कवा व्हणार. तुमी म्हणायचा, अजून मंजूर न्हाई.

आकाराम : म्हणायचो. दर येळी म्हणायचो.

बनुबाई : माझ्या मानंचा मणका सरकला, तवा डाक्टरकडं तुमीच घेऊन गेला होता.

आकाराम : व्हय.

भार्गवी : मावशी, ऐका ना. मामा, हा अजून नुसता नमुनाच आहे. मी दवंडीची ओळ काढून टाकू शकते. हौदाची राहील, तुमचं नाव जाईल. सोमवारी आमदार येतील, कदाचित पेपरवालेही असतील. तुमच्या नोकरीवर यायचं उगाच.

आकाराम : काढली न्हाई तर किती दिस राहील ती?

भार्गवी : कायद्यात लिहिलंय, कधीच काढायची नाही.

आकाराम : कधीच?

भार्गवी : आपण सगळे गेलो तरी.

आकाराम : अरे बाप रे. ताई, माझी दवंडी वाऱ्यावर जाती आणि इरून जाती. हलगी थांबली की संपलं. म्हणून तर द्यायला भ्या वाटलं न्हाई. आन् हे बघा, तीन वर्सांमागं मी काय वरडलो ते पुण्यात कुणीतरी धरून ठेवलंय. माझ्याच तोंडचं, माझ्याच आंगठ्यासकट. देवळात सुदिक मला असं कवा झालं न्हाई. बघा, काटा आलाय.

भार्गवी : मग काढू?

आकाराम : हिला इचारा. पाणी हिनं वाह्यलंय.

बनुबाई : नाव काढलं तर हौद येणार हाय का?

भार्गवी : नाही. उलट ग्रामसेवक म्हणेल, हौद पुरा झाला असं मी कुणाला सांगितलंच नव्हतं, कागदावर चुकून पडलं. मामांचा अंगठा आहे म्हणून तर ते खोटं सिद्ध होतं.

बनुबाई : मग राहू द्या. तीन वर्सं मी डोक्यावर घागरी वाह्यल्या, ह्यांनी नाव वाहावं.

आकाराम : राहू द्या ताई. नोकरी गेली तर गेली. आणि तुमच्या वडलांस्नी सांगा, आकारामला समदं कळलं, पण एक कलम कमी हाय.

भार्गवी : कोणतं? थांबा, लिहून घेते.

आकाराम : ज्याला वाचाया येत न्हाई त्याच्यासाठी हे मोठ्यानं वाचून दाखवायचं. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत. दवंडीवाला जिथं राहतो तिथं बी. तिथं आधी. असं लिवा.

भार्गवी : "दवंडी देणाऱ्याच्या स्वतःच्या वस्तीपासून सुरुवात करून." असं?

आकाराम : असंच. कायद्यात बसतं का असलं?

भार्गवी : आत्तापर्यंत कुठं बसल्याचं मला माहीत नाही. बाबा बसवतील.

आकाराम : माझं बोलणं कायद्यात. बनू, ऐकलंस का?

बनुबाई : ऐकलं. चला, यष्टी गाठायची हाय. कायदा व्हायचा तवा होईल. तुमी उद्या हलगी काढा.

आकाराम : उद्या? पंचायतीनं सांगितल्याबिगार?

बनुबाई : ताई काय म्हणाल्या? कुणाला इचारायचं न्हाई. हे वाचल्यालं समदं सांगा, हौद, बासष्ट हजार, तुमचा आंगठा. खालच्या वस्तीपासनं सुरू करा.

आकाराम : करतो. सकाळी सकाळीच करतो. तू म्होरं उभी राहशील नव्हं?

बनुबाई : मी त्या वक्ताला हिरीवर असते. जरा मोठ्यानं द्या.