म्या दार वाजवायचं, त्येनं ओ द्यायची

माजं नाव विमल, माहेर वाळव्याकडचं, सासर इस्लामपूरच्या अलीकडं, सातवी शिकल्याली बाई मी, आन् आता बगा कुटं येऊन पडले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकानाच्या गल्ल्यावर. काय सांगू तुमास्नी ताई, हितल्या नणंदेनं आमाला बोलवायचं कागद कवाच केलं व्हतं, आमी तर इसरून गेलो व्हतो, आन् दोन हजार एक साली आला की नंबर, म्हनं चला अमेरिकेला. पोरगा अमित आदीच हितं शिकायला आल्याला, आता सनीव्हेलला कंप्युटरच्या नोकरीत हाय, त्येच्याच घरी ऱ्हातो आमी. रोज सकाळी मी आन् आमचं ह्ये कॅलट्रेनच्या गाडीनं शिटीत, म्हंजी सॅन फ्रान्सिस्कोत येतो, दुकान उगडतो. दूध, अंडी, शिग्रेटी, लॉटरी, असलं दुकान.

तर पैल्यांदा माज्या भावाचं आइका, त्याबिगर म्होरलं कळायचं न्हाई. माजा थोरला भाऊ हातभट्टीपायी गेला. रातभर उसाच्या सरीत पडून व्हता, सकाळी पान्याच्या पाळीला गेल्याल्या गड्याला गावला. एकटाच. त्येचा दिस घातला आन् आमी बायका गेलो भट्टीवर, मडकी फोडली, मी सगळ्यांच्या फुडं, अंगावर समदा वास. आता तर गावात बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बी बंद पाडलं, जाऊबाई फोनवर सांगत व्हती, बाटली आडवी केली गं आमी, तर मी हितं गल्ल्यावर रडले. तवा मी कुनाची नशा खपवून घेनारी बाई न्हवं, ह्ये आदी ध्येनात घ्या.

आमच्या दुकानाच्या गल्लीत नशेच्या सुया टोचून घेनारी लई. त्यातला एक रॉबी. चाळिशीचा आसंल, म्होरलं दात गेल्यालं, पन बोलायला गोड. शटर वर करताना हात लावायचा, मी आलं घालून च्या द्यायची, त्यो म्हनायचा टू स्पायसी ऑन्टी, आन् परत कप फुडं करायचा. मग बाथरूमची चावी मागायचा. आता दारात आल्याल्या मान्साला मोरी न्हाई म्हनायचं आमच्यात कुटं आसतंय? द्यायची मी चावी.

एक दिवस दुपारी आत गेला त्यो भायेरच येईना. ह्येंनी दार ढकललं, तर ह्यो खाली पडल्याला, व्हट निळं, घशात घरघर. मला वाटलं फीट आली. आन् आमच्याकडं फीट आली की काय करत्यात, कांदा! पळत गेले, बुक्कीनं कांदा फोडला, धरला नाकाला, काय न्हाई. दुसरा फोडला. मग ह्येंच्या पायातली चप्पल काडून धरली, तर ह्ये वरडत्यात, अगं येडे, त्येला कांदा काय हुंगवतीस, नाईन वन वन लाव! ॲम्ब्युलन्सची पोरगी आली, तिनं इंजेक्शन दिलं, आन् ह्यो उटून बसला की शिव्या देत, सगळ्या तोंडाला कांदा. पोरगी म्हनली, व्हाय ओनियन? मी म्हनलं, इंडियन मेडिसिन. हसली ती, पन मग माज्याजवळ बसून सांगितलं तिनं, ऑन्टी, ही फीट न्हाई, नशा जास्त झाली की मानूस श्वास घ्यायचा इसरतोय, कुनी जवळ आसलं तर वाचतोय, आन् ही लोकं मरत्यात ती दार लावून, एकटी.

एकटी म्हनली आन् मला भावाची ती उसाची सरी दिसली वो.

त्या दिवसापास्नं त्यो आत गेला की म्या दार वाजवायचं, त्येनं ओ द्यायची. रॉबी! आतनं यायचं, हियर, ऑन्टी. मग मी गिऱ्हाईक बगायची, परत जायची, परत वाजवायची. एकदा ओ द्याय उशीर केला मुडद्यानं, माज्या हातातनं अंड्याचं खोकं पडलं. भायेर आला तसा असा झाडला त्येला मराटीत, भाड्या, म्हनलं, माजा जीव घेतोस का, सोड की रं ही घान. मान खाली घालून आइकायचा, शब्द कळत न्हवता पन समदं कळायचं त्येला. सोडतो म्हनायचा. माजं जेवान तुटलं, ताई. घरी भात कालवला तरी कान त्या दाराकडंच.

ह्येंचा जीव तर टांगनीला. आमी सिटिझनशिपचा अर्ज टाकल्याला, पोलिसांनी बगितलं तर म्हनतील हितं नशेचा धंदा चालतोय. अमित म्हनायचा, आई, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड, दे विल डिपोर्ट यू. मी म्हनायची, बरं बाबा. आन् दुसऱ्या दिवशी परत चावी द्यायची.

तेवढ्यात शिटीत बोलनं निगालं, अशी एक खोली काडायची म्हनं, नर्स बसवायची, ही लोकं आपापलं घेऊन येतील, तिच्यासमोर टोचून घेतील, ती कुनाला मरू देनार न्हाई. कॅनडात हाय म्हनं तसली. झालं, पेटलं समदीकडं. दुकानवाले म्हनले गिऱ्हाईक पळंल. हितल्या मराटी मंडळाच्या गनपतीत एक काकू म्हनल्या, दारू सोडवाया गुत्ता काडायचा का वो आता? एक काका म्हनले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आन् समदी माज्याकडं बगत्यात, मडकी फोडल्याली बाई, ही सांगंल. मला बी आदी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू, सरकारनंच सुईला जागा द्यायची म्हंजी काय! पन आरती म्हनता म्हनता मनात आलं, विमल, मग तुजी मोरी काय हाय गं?

त्या खोलीवर शिटीची मीटिंग झाली, तितं दुकानवाल्यांनी ह्येंना बोलाय नेलं, इरोदात. मी बी गेले. एक सायेब म्हनला, ह्येनं पोरांना चुकीचा मेसेज जातोय. एक डॉक्टरीन म्हनली, जीव वाचतील. एक आई उटली, म्हनली खोली कशाला, माज्या पोराला उपचाराला जागा द्या, वर्स झालं नंबर लागंना, तिचं बी खरंच व्हतं. ह्येंनी पाट करून आनलं व्हतं त्ये बोलले, नॉट गुड फॉर बिझनेस, आन् बसले. आन् मी उटले. ह्येंनी पदर वडला, पन उटले. म्हनलं, आय ॲम विमल. माय ब्रदर डाय अलोन. इन माय शॉप मॅन गो बाथरूम. आय नॉक. ही आन्सर. देन आय सेल मिल्क. प्लीज गिव्ह वन नर्स, आय ॲम टायर्ड. लोकांनी टाळ्या वाजवल्या, समद्यांनी न्हाई.

आमचा बिल्डिंगवाला, दुकानाच्या जागेचा मालक, मागंच बसल्याला. दुसऱ्या दिवशी बाथरूमला नवं कुलूप, चावी ह्येंच्या खिशात, आन् भायेरचा मानूस आत दिसला तर दुकान खाली करा, अशी ताकीद. ह्ये माज्यावर रागावले बी न्हाईत, नुसतं म्हनले, बोललीस ना, झालं?

रॉबी आला. मी म्हनलं, क्लोज्ड. त्यो म्हनला, इट्स ओके ऑन्टी, आय हर्ड यू टॉक्ड फॉर अस. हसला. अर्धा च्या तसाच ठिवून गेला, आन् त्यो गेला त्यो गेलाच.

खोलीचं अजून काय ठरलं न्हाई, मीटिंगाच चालू हायेत. आमची सिटिझनशिप झाली, ह्येंनी मंडळात पेढं वाटलं, चांगलं झालं, मी न्हाई कशाला म्हनू. गल्लीतल्या समद्यांना इचारलं रॉबीचं, कुनाला ठावं न्हाई. हॉस्पिटलात फोन लावला, तर ती बाई म्हनती, लास्ट नेम? मला कुटं म्हाईत. म्हनती, तुमी कोन त्येच्या? काय सांगनार, म्हनलं ऑन्टी. सॉरी म्हनली आन् ठिवला.

आता जिता आसंल तर आसंल, नसंल तर… न्हाई, असं म्हनू नये. आसंल. ज्या जागी आसंल तितं त्येच्या दाराभायेर कुनीतरी उभं ऱ्हावं, एवढंच मागनं हाय माजं.