वरचा बारीक सूर

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या हातात लहानपणीचा व्हिडिओ गेम होता. त्याची आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवलेली होती. पलीकडे त्यांची धाकटी बहीण बसली होती.

“दादा, आवाज कमी कर. सगळे बघतायत.”

“बघू देत. चांगलं संगीत फुकट ऐकायला मिळतंय.”

“आणि तुला?”

“मला वरचा बारीक सूर येत नाही. स्पीकर गेलाय.”

“दुरुस्तीवाला म्हणाला, ठणठणीत आहे. डॉक्टर मात्र कधीपासून सांगतायत, कानाला यंत्र लावा.”

“ते म्हातारे लावतात. माझे कान उत्तम आहेत.”

“बरं. तूच शिकवलंयस, यात तीनच सूर एकदम वाजतात.”

“हो. गेममधल्या गड्याने उडी मारली की वरचा सूर त्या उडीच्या आवाजाला जागा देतो. क्षणभर गप्प होतो, मग परत येतो.”

“आण इकडे. मी बटण दाबून उडी मारते, वरचा सूर कधी थांबला ते सांग.”

“मार.”

“मारली.”

“उडी ऐकली. थांबलं तर काहीच नाही.”

“थांबला होता, दादा. आता परत वाजतोय.”

“अजून?”

“अजून. छान वाजतोय.”

“म्हणजे स्पीकर शाबूत आहे.”

“आहे.”

“मग आत गेल्यावर तू बोलू नकोस. मीच सांगतो त्यांना, यंत्र आजच बसवा.”