लाकडी दस्त्याची बंदूक

माझ्या लेकाने अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरात बंदूक आणायची ठरवली, तेव्हाचं सांगते. दुकानात मीही गेले. दुकानदार काय म्हणतोय ते लेकाने मला समजावलं. काळी, पिस्तुलासारख्या मुठीची बंदूक इथे लष्करी धरतात, ती विकायला बंदी. मग दुकानदाराने लाकडी दस्त्याची काढली.

"गोळी तीच?" मी विचारलं.

"तीच गं."

"आणि लागली तर माणूस तेवढाच मरतो?"

"आई, ही लीगल आहे. विषय संपला!"

घरात तीन वर्षांची नात. तिला काळी काय न् लाकडी काय! खूप भांडले, पण बंदूक आलीच.

आठवड्याने दसरा होता. मी म्हटलं, "रिकामी करून आण, शस्त्रपूजा करू." लेक खूश. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि हारासकट बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी लेक आला. "आई, किल्ली दे, नेमबाजीला जायचंय."

"उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतलं शस्त्र हलवायचं नसतं."

"मग कर ना उत्तरपूजा!"

"करणार की. नातीचं लग्न झालं की लगेच करते."