वासराचा नमुना

पंचशीला : नाही मावशी, कचरूभाऊंच्या कोंबड्यांमुळं नाही झालं ते.

वच्छलाबाई : आवं बाई, तुमच्याच आदल्या कागदात लिव्हलतं की! नातवाच्या जावळाला त्याच्या अंड्यांची भाजी केली अन् तेवीस मानसं आडवी झाली. कोंबड्यांत जंतू, मानसांत बी त्योच जंतू.

पंचशीला : तेव्हा नुसतं नाव कळलं होतं, साल्मोनेला. आता आमच्या प्रयोगशाळेत त्या जंतूंची सगळी जनुकीय अक्षरं वाचली. एकेकात अठ्ठेचाळीस लाख.

वच्छलाबाई : आगं बया! डोळ्याला दिसंना त्याच्यात? कोनी वाचलं एवढं?

पंचशीला : यंत्र वाचतं, आम्ही शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतो. कोंबड्यांच्या आणि माणसांच्या जंतूत हजारो अक्षरांचा फरक निघाला.

वच्छलाबाई : म्हंजी आडनाव एक, घरं येगळी.

पंचशीला : बरोबर.

वच्छलाबाई : मंग मानसांत कुठून आला?

पंचशीला : तुमच्या वासराच्या आणि माणसांच्या जंतूत फरक फक्त दोन अक्षरांचा आहे.

वच्छलाबाई : आमच्या वासराच्या?

पंचशीला : माझ्या यादीत वासरू नव्हतंच. ‘त्याला बी हगवन हाय, त्याचं बी शेण न्या,’ असं तुम्हीच म्हणालात. मी किती गावं फिरले, पण आपणहून स्वतःचा गोठा दाखवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

वच्छलाबाई : तवा मला काय ठावं? पर वासरानं कुठं सैपाक केलता?

पंचशीला : त्या दिवशी त्याला औषध कोणी पाजलं?

वच्छलाबाई : मीच. जबड्यात हात घालून. शेणानं बरबटलं व्हतं, ते बी पुसलं. मंग… मंग पेढे वळाया बसले. खवा निवत ठिवलता.

पंचशीला : आणि हात?

वच्छलाबाई : पदराला पुसले. पाव्हनं दारात आलते, न्हाणीपतुर गेलेच न्हाई.

पंचशीला : खवा आटताना जंतू मरतात. नंतर हाताचे लागले, ते उन्हाळ्यात दिवसभर परातीत वाढले.

वच्छलाबाई : माझ्या हातानं, बाई. नातवाचं जावळ.

पंचशीला : मावशी, अहवालात नाव नसतं, नुसते नमुन्यांचे आकडे. तुमचं घर कुणाला कळणार नाही.

वच्छलाबाई : अन् कचरूचं? त्याचं नाव पयल्यांदा मीच घेतलं. दोन महिनं त्याचं अंडं कुनी शिवंना. आज कोंबड्या इकाया काढल्यात त्यानं. लावा त्याला फोन.

कचरू : (फोनवर) बोला वैनी. टेम्पो भरायलोय.

वच्छलाबाई : भरू नगंस. तुझ्या कोंबड्यांचं न्हवतं ते, माझ्या हाताचं व्हतं.

कचरू : काय बोलायल्यात तुमी?

वच्छलाबाई : पंचशीलाबाई कागद घिऊन आल्यात. येते पारावर, समद्यांम्होरं सांगते.

कचरू : बाईंनाच सांगू द्या की. तुमी कावून?

वच्छलाबाई : नाव मी घेतलतं, त्यांनी न्हाई.

कचरू : …ओ टेम्पोवाले, पिंजरे खाली घ्या. वैनी, सावकाश या. ऊन लई हाय.