दादाच्या खुर्चीजवळचा काटा

उपकरणदुरुस्तीच्या दुकानात उन्हं पेंगुळली होती. रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंदेच्या हातात चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर होता आणि काखेत हौशी भूतशोधकांसाठीचे पुस्तक.

“वहिनी, मीटर बिघडलाय का, तेवढं कळू दे. दादाच्या खुर्चीपाशीच काटा हलतो.”

“हलणारच, वन्सं. ह्यांना कधी स्वस्थ बसवलंय?”

“थट्टा नको. पुस्तकात बजावलंय, आधी घरातली विजेची सगळी उपकरणं बंद करा, मगच मोजा.”

“केली की. फ्रिजसुद्धा.”

“आणि खुर्चीमागचा रेडिओ?”

“तो कुठे वाजतोय?”

“वाजत नाही, पण चालू आहे का?”

“आवाज पार बारीक केलाय. पण ते गेल्यापासून बटण बंद करायला हात धजत नाही.”

“अगं वहिनी! मग काटा त्यानंच हलत असणार.”

“असेल.”

“आज बंद करून बघू या?”

“आणि काटा थांबला तर?”

दुकानदाराने मान वर केली. “बोला ताई, काय बिघडलंय?”

नणंदेने मीटर सावकाश पिशवीत ठेवला.

“काही नाही. चांगला चालतोय.”