गल्लीतलं बारावं घर

(दक्षिण गोलार्धातलं डनीडन शहर, जिथं डिसेंबरात उन्हाळा असतो; विद्यापीठामागची गल्ली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एव्हिस टलक यांचं स्वयंपाकघर, सप्टेंबरातली दुपार. गल्लीतली बाकीची अकरा घरं मर्डोनं एकेक करून विकत घेतली आणि विद्यार्थ्यांना भाड्यानं दिली.)

मर्डो : काय म्हणालात?

एव्हिस : विकते, म्हणाले. नऊ वर्षं विचारतोयस, आज हो म्हटलं तर तोंड का पडलं तुझं?

मर्डो : नाही... मला वाटलं, दरवर्षीसारखं दारातूनच वाटेला लावाल.

एव्हिस : म्हणून तर आज आत बोलावलं. बस. चीझ रोल गरम आहेत. चहात दूध?

मर्डो : थोडंसं. मिसेस टलक, भाव गेल्या वर्षीचाच. एक डॉलर कमी करणार नाही.

एव्हिस : ते वकील बघेल. घराचं काय करशील ते सांग. खरं सांग हं.

मर्डो : झोपायच्या खोल्या चार. बैठकीच्या खोलीत मधोमध भिंत घातली की झाल्या सहा. कुटुंब ठेवलं तर एकच भाडं येतं, सहा पोरं ठेवली की सहा भाडी. पुढच्या वर्षाच्या सह्या हिवाळ्यातच होतात, जामीन आईबाप. घर रिकामं म्हणून राहत नाही.

एव्हिस : राहतं रे. नोव्हेंबरात परीक्षा संपल्या की फेब्रुवारीपर्यंत या गल्लीत एकच दिवा लागतो. माझा.

मर्डो : पोरांनी त्रास दिला का काही? नावं सांगा, बघतोच एकेकाला.

एव्हिस : गोड आहेत पोरं. नावं तोंडात बसेपर्यंत वर्ष सरतं, एवढंच. ऑगस्टात मी बाथरूममध्ये पडले.

मर्डो : बाप रे! मला कुणी बोललं नाही.

एव्हिस : कुणाला ठाऊक होतं? सकाळी पडले, दिवेलागणीला कशीबशी उठले. हाड शाबूत राहिलं, नशीब.

मर्डो : हाका नाही मारल्यात?

एव्हिस : घसा बसेपर्यंत. शेजारी रुबी हेनारे होती, तेव्हा नऊपर्यंत माझा पडदा सरकला नाही तर दार बडवायची.

मर्डो : रुबीनं आपण होऊन विकलं. मी कुणाला घालवलं नाही.

एव्हिस : नाहीच. भावही चांगला दिलास तिला.

मर्डो : मग मला का ऐकवताय?

एव्हिस : कारण त्या दिवशी तू रुबीच्या घरात होतास. खिडकी उघडी होती. एका मुलीला नि तिच्या आईला खोली दाखवत होतास. मी तुला नावानं हाक मारली. दोनदा.

मर्डो : मला ऐकू आलं नाही. शप्पथ.

एव्हिस : माहीत आहे. तू बोलत होतास ना. आई विचारत होती, शेजार कसा आहे. तू म्हणालास, एक म्हातारी आहे, असून नसल्यासारखी.

मर्डो : ते... खोली दाखवताना माणूस काहीही बोलतो हो.

एव्हिस : चहा पी, निवतोय. रागावले नाही मी. मॉस्गीलच्या वृद्धाश्रमात खोली मिळालीय. तिथं दोरी ओढली की कुणीतरी येतं.

मर्डो : एवढी घाई नको. उन्हाळा जाऊ द्या. मी रोज संध्याकाळी डोकावून जाईन. मलाही घरी जायची गडबड नसते. मोइरा गेल्यापासून मी गाडीतच जेवतो.

एव्हिस : बायको सोडून गेली तुला? कधी?

मर्डो : चार वर्षं झाली.

एव्हिस : म्हणजे चारदा दारात येऊन गेलास. एका शब्दानं बोलला नाहीस.

मर्डो : दारात उभं राहून असलं काय सांगणार? तुम्ही नाही म्हणायच्या, मी निघायचो.

एव्हिस : खरंय. मीही कधी बस म्हटलं नाही... असो. शनिवारी सामान हलतंय. कागद आण, सही करते.

मर्डो : मी येत जाईन मॉस्गीलला. रविवारी.

एव्हिस : ये की. पण तिथं माझ्याकडे विकण्यासारखं काही नसेल, मर्डो.